उमेदवारांना कापसाच्या आयातीबद्दल विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमची पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, पात्या-फुलावर होती. मी वावरात निंदत होते, तेवढ्यात मुलाने धुऱ्यावरून मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर १९ तारखेपासून माफ. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग आठ-दहा दिवसांतच ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमची निम्म्याहून जास्त वेचणी त्यातच येते.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून पहिला वेचा घेतला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल. मला खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला विकून, ६,९०० मिळाले. वेचाई किलोमागे १० रुपये, तीही त्याच आठवड्यात रोख. बाया थांबत नाहीत आणि त्यांनी का थांबावं? म्हणून कापूस घरात भरून भावाची वाट पाहणं मला जमलं नाही.

याचं मूळ शोधत गेले तर नोव्हेंबर २०२४ च्या अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत जातं. ट्रम्प यांनी आयातीवर कर वाढवू असं प्रचारातच सांगितलं होतं. निवडून आल्यावर भारताच्या मालावर आधी २५ टक्के, मग रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के लावले. आपल्या कापड उद्योगाचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. गिरण्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून इकडे आमचा आधार काढला. गिरण्या चालल्याच पाहिजेत, तिथे राबणारी पोरंही शेतकऱ्यांचीच आहेत. पण तो भार एकट्या कापूसवाल्याने का उचलायचा?

परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या लोकांचं काम, असं मी समजत होते. २६ एप्रिल २०२४ ला आम्ही लोकसभेचं मतदान केलं. त्याआधी गावात प्रचाराच्या गाड्या आल्या, सभामंडप, पांदण रस्ता सगळं बोलून झालं. आयात-निर्यातीचा शब्द कोणी काढला नाही. आम्हीही विचारला नाही, ही आमची चूक.

नाशिककडच्या कांदेवाल्यांनी मात्र विचारलं. डिसेंबर २०२३ पासूनची निर्यातबंदी त्यांनी प्रचारात लावून धरली. ती ४ मे २०२४ ला उठली, ४० टक्के कर ठेवून का होईना. त्यांचं मतदान २० मे ला होतं. आमची मतं तेव्हा पेटीत बंद झाली होती.

पुढच्या लोकसभेला आपण विदर्भातल्या उमेदवारांच्या मुलाखती घ्याल, तेव्हा प्रत्येकाला एवढं विचारा: कापसाचा आयात कर बदलायचा झाला तर पेरणीआधी सांगाल का, आणि पडलेल्या भावातला फरक कोण भरून देईल? उत्तर नावानिशी छापा. आमच्या पारावर जो येईल त्याला मी स्वतः विचारणार आहे.

आपली,
एक कापूस उत्पादक महिला
ता. राळेगाव, जि. यवतमाळ