मातीच्या हिशेबासाठी आणखी तीन वर्षं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गेले तीन रविवार मी फोनवर विभागाच्याच बातम्या सांगत बसले. आई, तू मध्येच विचारलंस, "बाकी सगळं ठीक ना?" मी "हो" म्हणाले आणि पुन्हा नव्या इमारतीवर बोलू लागले. तुला तेव्हाच कळलं असणार. खरी बातमी अशी आहे की इथे अमेरिकेत, पर्ड्यू विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागातच, संशोधकाच्या जागेसाठी मी गुरुवारी सही केली. तीन वर्षांसाठी. डिसेंबरात कायमची येणार होते, ती आता महिनाभराच्या सुट्टीवर येईन.

सही करून मग सांगते आहे, हे चुकलंच. पण आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं "तुझं भलं होत असेल तर राहा" एवढंच म्हणाला असता, आणि ते ऐकल्यावर माझ्या हातून सही झाली नसती.

बाबा, राहण्याचं कारण तुमच्या हिरव्या वहीत आहे. रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून तुम्ही आकडा लिहायचात आणि काही आकड्यांपुढे फुली मारायचात. सारख्याच आकड्यांच्या दोन दिवसांत एकावर फुली, दुसऱ्यावर नाही. मी विचारलं की म्हणायचात, "हा माती नेणारा पाऊस." बांध गेला त्या वर्षी तर पानभर फुल्या होत्या. त्या फुलीचा अर्थ मला इथे येऊन नीट कळला.

मातीची धूप काढायचं जे समीकरण आज जगभर वापरतात, ते पर्ड्यूतच उभं राहिलं. १९५४ मध्ये इथे अमेरिकेतल्या प्रयोगशेतांच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात झाली. दहा हजारांहून जास्त भूखंड-वर्षांची माहिती जमली (मोजणीसाठी आखलेल्या जमिनीच्या एका तुकड्याची वर्षभराची नोंद म्हणजे एक भूखंड-वर्ष). त्यातून वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी काढलेलं समीकरण १९६५ मध्ये पुस्तिकेच्या रूपानं छापून आलं. त्यातला पावसाचा घटक म्हणजे एकूण पाऊस नव्हे. थेंबांची ऊर्जा गुणिले त्या पावसातल्या सर्वांत जोरदार तीस मिनिटांची तीव्रता, असा तो गुणाकार आहे. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर वेगानं जमिनीवर आदळतो आणि मातीचे कण सुटे करतो. मग वाहत्या पाण्याला ते नुसते उचलून न्यायचे असतात. दिवसभर झिमझिमलेले ४० मिलिमीटर आणि तासाभरात कोसळलेले ४० मिलिमीटर यांत म्हणूनच एवढा फरक. तुम्ही हे दारात उभं राहून ओळखत होतात.

त्या जुन्या भूखंडांचं मापही तुम्हाला आवडेल. ७२.६ फूट लांब, ६ फूट रुंद. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा कसला विचित्र आकडा असं वाटलं होतं. गुणाकार केला तर एकराचा बरोबर शंभरावा भाग! प्रत्येक पावसानंतर खालच्या टाकीत आलेली माती कोणीतरी वाळवून तोलली, वर्षानुवर्षं. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

माझं काम त्याच्या पुढचं आहे. भेगाळणारी काळी माती पहिल्या सरीचं पाणी भेगांतून पोटात घेते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरून धावू लागतं. तिचा हा स्वभाव एका ठरीव आकड्यात मावत नाही. मोठ्या ट्रेमध्ये माती भरून, वरून नळ्यांमधून पाऊस पाडून मी तेच मोजते. चाचण्यांचा पहिला संच आत्ता कुठे हाती आला आहे आणि त्यावरचा शोधनिबंध स्वीकारला गेला. आता सोडलं तर बी पेरून शेत सोडल्यासारखं होईल. हे मी तुम्हाला पटवते आहे की स्वतःला, ते माहीत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आणि विभागही असा आहे की इथे राहावंसं वाटतं. इथला पदवी अभ्यासक्रम अनेकदा देशात पहिला आला आहे, पण मला त्याहून मोठी वाटतात ती कामं. प्राध्यापक क्लाइन इलेलेजी यांनी छोट्या शेतकऱ्यांसाठी सौर वाळवणयंत्र तयार केलं, म्हणजे माल धुळीत आणि माश्यांत पडून राहत नाही. आई, तुझ्यासाठी एक गंमत: सोयाबीनपासून मेणखडू बनवले ते याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, नव्वदच्या दशकात. हे ऐकलं तेव्हा आपली ती फरशी आठवली. तू मला हवं तेवढं रेघोट्या मारू द्यायचीस आणि बाबा यायच्या आत ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायचीस. माझा एकच सूर्य तू कपाटामागे तसाच ठेवला होतास. आहे का गं अजून?

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, जाड कोट आहे, बस दारापाशी थांबते. जेवण वेळेवर होतं. रात्री एकटी चालत येत नाही.

आता तुमचं. बाबा, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन या महिन्यात करून घ्यायचं. "बघू" चालणार नाही. तारीख घेऊन मला कळवा, त्या आठवड्यात मी रोज फोनवर असेन. पर्जन्यमापक गच्चीवरून खाली आणा. त्या पायऱ्या आता नकोत. मोजू नका असं मी मुळीच म्हणत नाही, ती वही थांबली तर मलाच चैन पडणार नाही. फक्त अंगणात मोकळी जागा बघा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. आई, रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळेच. आणि न्हाणीघरातला दांडा मी म्हातारपणासाठी नाही लावून घेतला, ओल्या फरशीसाठी लावला. धरत जा ना.

एक काम मात्र दोघांनी मिळून करा. वहीतल्या फुल्यांच्या पानांचे फोटो पाठवा. फोटो आईनं काढायचे. आणि प्रत्येक फुलीशेजारी बाबांना आठवेल ते लिहायचं: पाऊस दुपारी आला की रात्री, किती वेळ झोडपलं, ओढ्याचं पाणी कोणत्या रंगाचं होतं. बांध गेला त्या वर्षापासून सुरुवात करा.

रविवारी फोन करीन. रागावला असाल तर तेव्हा रागवा, पण फोन उचला.

तुमची,
मनू