घाबरलेल्या कुत्र्याला ओढून बाहेर काढू नका

संपादक महोदय,

मोठ्या आवाजाने किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या हल्ल्याने हबकलेलं कुत्रं पलंगाखाली शिरलं, की घरचे त्याला ओढून बाहेर काढतात. कृपा करून तसं करू नका. तो कोपरा त्याचा आधार असतो. पाण्याचं भांडं जवळ सरकवा आणि दोन-तीन दिवस पाहुणे, गर्दी, लांबचं फिरणं टाळा. आपणहून येऊन बिलगलं तर खुशाल कुरवाळा. लाडाने भीती वाढते हा निव्वळ गैरसमज आहे.

पुढे आवाजाची भीती घालवायची तर तोच आवाज मोबाइलवर इतका हळू लावा, की कान हलेल पण अंग आखडणार नाही. आधी आवाज, लगेच खाऊ. क्रम उलटला तर खाऊ दिसताच ते धास्तावू लागतं. पाच मिनिटं पुरेत. आवडता तुकडाही तोंडात घेईना, सारखे ओठ चाटू लागलं, शेपूट पोटाखाली गेली, तर तिथेच थांबा. ‘होईल सवय’ म्हणत आवाज वाढवला, की भीती आणखी घट्ट बसते. बहुतेकांची घाई इथेच नडते.

बाहेर नेताना दोरी छातीच्या हार्नेसला लावा; दचकलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून मान सोडवून घेतं. दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर पशुवैद्यांना दाखवा.

– एक श्वान प्रशिक्षक