फेनोफायब्रेटची चाचणी सरकारनेच करावी : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, भारत सरकार, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात फार्माकॉलॉजी शिकवते. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांना 18 वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर, रक्त-लघवीची तपासणी वेळेवर. पण एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून पडदा कुणी पाहिला नाही. मीही आग्रह धरला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एका सकाळी पेपर वाचताना त्यांना ओळी वाकड्या दिसायला लागल्या आणि डोळ्यापुढे काळे दोरे तरंगू लागले. तोवर आत रक्तस्राव झाला होता. मग लेसर, मग डोळ्यात इंजेक्शनं. ज्या माणसाने आयुष्यभर बोटांनी तिकिटं मोजली, तो आज पन्नासची नोट की पाचशेची हे माझ्या आईला विचारतो.

मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. दुखत काहीच नाही, म्हणून रुग्ण येतो तोच उशिरा. लेसर आणि इंजेक्शन हे उशिराचे उपाय. मला आपल्याशी बोलायचं आहे ते त्याआधी देता येईल अशा एका गोळीबद्दल.

फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, कमी करणारं जुनं औषध, 1975 पासून वापरात आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमधल्या 9795 मधुमेहींवर त्याची मोठी चाचणी झाली, ती हृदयविकारासाठी. हृदयाबाबत मुख्य अपेक्षा पूर्ण झाली नाही, पण हे औषध घेणाऱ्यांमध्ये डोळ्याला लेसर लागण्याचं प्रमाण सुमारे 31 टक्क्यांनी कमी निघालं. 2010 साली अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड आय’ अभ्यासात पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण 10.2 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर आलं. ऑस्ट्रेलियाने 2013 मध्ये या वापराला मान्यताही दिली. मग 2024 मध्ये स्कॉटलंडमधली ‘लेन्स’ चाचणी आली. ही मुळातच डोळ्यांसाठी होती. आजाराची सुरुवात झालेले 1151 लोक, साधारण चार वर्षं. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी 29.2 टक्के लोकांचा आजार तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका किंवा उपचार लागण्याइतका वाढला. फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत 22.7 टक्के. गंमत म्हणजे रक्तातली चरबी किती कमी झाली यावर हा फायदा फारसा अवलंबून दिसत नाही. औषध पडद्यातली सूज आणि झिरपणं थेट रोखत असावं, असा प्रयोगशाळेतला पुरावा सांगतो.

सगळं गोड नाही. ‘लेन्स’मध्ये प्रत्यक्ष नजरेच्या मोजमापात फरक दिसला नाही, त्याला बहुधा जास्त वर्षं लागतील. किडनीचं काम तपासताना रक्तातलं जे क्रिएटिनिन मोजतात, ते या औषधाने वाढतं, त्यामुळे किडनी कमजोर असलेल्यांना जपून द्यावं लागतं. म्हणून दुकानातून आणून परस्पर घ्या, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण याच कारणासाठी आपल्या लोकांवर, पुरेशी वर्षं चालणारी चाचणी हवी. आपल्याकडे मधुमेह कमी वयात, कमी वजनातही होतो. स्कॉटलंडचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालता येत नाही.

आणि ती चाचणी कंपनी करणार नाही. पेटंट केव्हाच संपलं, गोळी स्वस्त आहे, नव्या वापरासाठी कोट्यवधी खर्चून तिच्या हाती काय लागणार? हे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचंच आहे. याच परिषदेच्या सर्वेक्षणाने 2023 मध्ये देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं.

‘लेन्स’ कमी खर्चात झाली याचं एक कारण म्हणजे स्कॉटलंडमध्ये मधुमेहींच्या डोळ्यांचे फोटो सरकारी यंत्रणा ठरलेल्या मुदतीत काढतेच; गोळ्या तर टपालाने घरी जात होत्या. आपल्या आरोग्य मंदिरांत तिशीनंतर प्रत्येकाची साखर तपासायची व्यवस्था आहे. त्याच रांगेत पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा बसवा, निदान काही जिल्ह्यांत. ज्यांच्या फोटोत सुरुवातीचे लाल ठिपके दिसतील, तेच या चाचणीत येऊ शकतील. ज्यांचा आजार पुढे गेलेला निघेल, त्यांना तिथूनच लेसरसाठी पाठवता येईल.

परिषदेला या चाचणीचा आराखडा करायला सांगावा आणि जिल्हे निवडताना आमच्या महाराष्ट्राचा विचार व्हावा, ही विनंती. आमच्यासारख्या महाविद्यालयांतले शिक्षक गोळ्यांचा हिशेब, दुष्परिणामांच्या नोंदी ही कामं आनंदाने करतील. माझं नाव त्यात पहिलं घ्यावं.

आपली नम्र,
फार्माकॉलॉजीची एक शिक्षिका