बाई, तुम्ही ‘मत’ खोडून ‘प्रसंग’ लिहिलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही. नाव आलं की बैठक कुणाची तरी होते आणि निम्मं गाव ती टाळतं, हे तुमचंच म्हणणं. पण आभार मानायचे आहेत ते चारचौघांत, कारण वेगवेगळ्या जातीधर्मांच्या गावकऱ्यांना एकत्र बसवून बोलतं करायच्या अशा बैठका मराठवाड्यात घेऊ पाहणाऱ्या इतरांनाही तुम्ही दिलेलं हे सगळं लागणार आहे.

आमच्या कागदावर पहिला प्रश्न होता, ‘दुसऱ्या समाजाबद्दल तुमचं मत काय?’ तुम्ही ‘मत’ खोडून ‘प्रसंग’ लिहिलंत. मत विचारलं की माणूस भाषण ठोकतो, आणि तेही बहुतेक वेळा मोबाइलवर आलेलं. प्रसंग विचारला की त्याला आठवावं लागतं. ‘जातीवरून, धर्मावरून कुणी तुम्हाला परकं केलं, तो दिवस सांगा. कुठं होतात? कोण काय बोललं? घरी जाऊन कुणाला सांगितलंत?’ यातला शेवटचा प्रश्न सोडायचा नाही. पुष्कळांनी ते कुणालाच सांगितलेलं नसतं, आणि समोरचा तिथंच मान वर करून बघतो. २०१६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मायामी शहरातला एक अभ्यास आला होता. दारोदार जाऊन दहाएक मिनिटं बोलायचं, वाद घालायचा नाही, वेगळं ठरवून स्वतःला कधी हिणवलं गेलं ते आठवायला लावायचं, एवढंच त्यात होतं. तृतीयपंथीयांबद्दलचा आकस त्यानं कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. तुमची खोडाखोड त्याच वाटेची.

मांडणीही तुमचीच. माणसं आठ ते बारा, बैठक चालवणारे दोघं, दोन्हीकडचा एकेक. जागा देवळात नको, मशिदीत नको, विहारात नको आणि पाटलाच्या वाड्यातही नको. शाळेचा व्हरांडा बरा. सतरंजी एकच. खुर्ची ठेवली की तिच्यावर बसणारा अध्यक्ष होतो. कुणाचे गुडघे दुखत असतील तर सगळ्यांनाच खुर्च्या. चहा एकाच किटलीतला, कप सगळे सारखे, आणि तो करायची पाळी फिरती. ज्या भागात कपबशी वेगळी ठेवायची रीत होती तिथं हे बारीकसं काम नाही. प्रत्येकाला चार मिनिटं, मधे कुणी बोलायचं नाही. दहाजणांची चाळीस मिनिटं, मग तीस मिनिटं प्रश्न, वीस मिनिटं चहा. फोन बंद. पंधरा सेकंदांची एक क्लिप बाहेर गेली तर सहा महिन्यांचं काम बुडतं. सोयाबीनच्या काढणीत बैठक ठेवू नये, निवडणुकीत आणि मिरवणुकीच्या आठवड्यात तर मुळीच नाही. रमजानमध्ये ठेवलीच तर इफ्तारनंतर.

सगळ्यात कामाला आला तो ‘पाहिलं की ऐकलं?’ हा प्रश्न. इथल्या घराघरांत १९४८ सांगितलं जातं. रझाकारांचा जुलूम पारावर मोठ्यानं सांगतात. भारतीय सैन्यानं निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, त्या पोलिस कारवाईनंतर मुसलमानांवर जे गुदरलं ते घरात, दार लावून. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं नोंदवलं त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. नामांतराचंही तसंच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. एका घरात ती सोळा वर्षांची लढाई आहे, शेजारच्या घरात ‘तेव्हा जरा गडबड झाली होती’. बैठकीत प्रत्येकानं आधी सांगायचं, की हे मी पाहिलं, हे आजीकडून ऐकलं, हे गावात बोलतात. ऐकलेलं खोटं ठरवायचं नाही, फक्त त्याच्या रकान्यात ठेवायचं. निम्मा ताप तेवढ्यानं उतरतो, कारण आजोबांच्या वैराला उत्तर द्यायची जबाबदारी नातवाच्या डोक्यावरून निघते.

कुठं फसतं, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. ‘तू त्यांच्यातला वाटतच नाहीस’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं आणि सगळ्यावर पाणी फिरवतं: तो एक माणूस चांगला ठरतो, बाकी समाज होता तिथंच राहतो. म्हणून कमी संख्येच्या बाजूचे किमान तिघं हवेत, एकट्याला कधीच बसवायचं नाही. तिघंही आपापसांत वेगळं बोलतात, आणि ‘ते लोक’ म्हणजे एकच ठोकळा नव्हे हे कुणी न सांगता दिसतं. दुसरी खोट ‘आमचं तर याहून जास्त’ या चढाओढीची. तिथं थांबवून आधीच्या माणसाचं बोलणं पुढच्याला त्याच्याच शब्दांत पुन्हा सांगायला लावायचं. ‘बरोबर सांगितलं’ असं पहिला म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. तिसरी, ज्यानं सोसलं त्याच्याकडूनच दर वेळी गोष्ट वदवून घेण्याची. कशाबद्दल विचारायचं नाही हे त्याला आदल्या दिवशी विचारून ठेवायचं, आणि ‘आज नाही सांगत’ म्हणायची मुभा द्यायची. माफी मात्र कुणाकडूनही मागायची नाही. बळंच काढलेली माफी दोघांनाही डाचते.

एका बाबतीत तुम्ही फार कडक होतात, आणि ते बरंच झालं. मारहाण, बहिष्कार, अत्याचार झाला असेल तर आधी पोलिस ठाणं आणि वकील. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार मागं घ्यायला लावणारी बैठक म्हणजे दबाव, मग तिला तंटामुक्तीचा कितीही सुंदर बॅनर लावा.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये लिहून ठेवलंय की नुसत्या भेटीनं आकस जात नाही. बरोबरीचा दर्जा, एक उद्दिष्ट, एकत्र काम आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. तुम्ही त्याला ‘गाळ काढणं’ म्हणायचात. तिसऱ्या बैठकीच्या आत पाणंद रस्ता, विहिरीतला गाळ, टँकरच्या पाळ्या, असं काही हाती घेतलं नाही तर चौथ्या बैठकीला निम्मी सतरंजी रिकामी राहते.

आणि भांडण झालं तर घाबरू नका, म्हणालात. पैठणच्या एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तले दोघं एकमेकांच्या देवधर्माची यथेच्छ टर उडवतात, आणि गळाभेट होते ती शेवटी, सगळं बोलून झाल्यावर.

तुमची प्रश्नांची वही अजून आमच्याकडंच आहे. झेरॉक्स काढलीय, पण समासातली पेन्सिल नीट उठली नाही. ती उतरवून घेतली की वही परत आणून देतो.

आपले नम्र,
बैठका घेणारे आम्ही सारे