दुर्मीळ आडनाव आणि एकच मूळपुरुष

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आडनावांविषयीचा लेख आवडला. मात्र ‘एक आडनाव म्हणजे एक रक्त’ हे त्यातील विधान सरसकट मान्य करता येत नाही, आणि आडनावावरून काहीच कळत नाही असे म्हणून ते सरसकट फेटाळताही येत नाही. ते आडनाव किती लोक लावतात, यावर बरेच काही अवलंबून असते. इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे, म्हणून तिथल्याच एका कमी आढळणाऱ्या आडनावाचे उदाहरण मांडतो. ते आडनाव म्हणजे ॲटनबरो.

निसर्गविषयक मालिकांमुळे डेव्हिड ॲटनबरो आणि गांधीजींवरील चित्रपटामुळे त्यांचे बंधू रिचर्ड आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. हे आडनाव मुळात एका गावाचे नाव आहे. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे गाव आजही आहे. गावातल्या गावात सगळेच तिथले असल्याने गावाचे नाव कोणाला चिकटत नाही. माणूस गाव सोडून दुसरीकडे राहायला गेला, की तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखू लागतात. त्यामुळे अशा आडनावाचा उगम बहुधा त्या गावात नव्हे, तर आजूबाजूच्या पंचक्रोशीत शोधावा लागतो. या दोघा भावांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्ड येथे झाला, आणि ते ठिकाण या गावापासून अगदी जवळ आहे.

असा माग काढण्यासाठी इंग्लंडमध्ये कागदपत्रांची मोठी परंपरा आहे. १३७७ ते १३८१ या काळातील डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी घेतल्या जाणाऱ्या कराच्या याद्या, १५३८ पासून चर्चमध्ये ठेवली जाऊ लागलेली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही, १८३७ पासूनची सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आणि दर दहा वर्षांची जनगणना अशी ही साखळी आहे. १८८१ च्या जनगणनेतील आडनावे नकाशावर मांडली, की दुर्मीळ नावे ठळकपणे वेगळी दिसतात. स्मिथ देशभर पसरलेले असतात, तर ॲटनबरो मुख्यतः नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर या शेजारच्या परगण्यांत एकवटलेले आढळतात. काही शाखा लंडनला गेल्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वस्तू तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्यांवर हे नाव प्रसिद्ध होते. जुन्या नोंदींत लेखनिकाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव उतरलेले असल्याने ‘ॲटनबरो’ आणि ‘ॲटनबॅरो’ यांना वेगळी घराणी मानण्याची घाई करू नये.

कागद जिथे थांबतात तिथून पुढचे काम लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी केले. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि इंग्रज आडनावही तसेच जाते. या गुणसूत्रावर ठरावीक जागी डीएनएचा एखादा छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा आलेला असतो. एका जागी कोणाकडे तो तेरा वेळा असेल, कोणाकडे चौदा वेळा. अशा अनेक जागांचे आकडे ओळीने लिहिले, की दोन पुरुषांचे नाते किती जवळचे हे ताडता येते. चाळीस आडनावांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्मिथ आडनावाचे पुरुष कोणत्याही अनोळखी इंग्रजांइतकेच एकमेकांपासून दूर निघाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते, तेव्हा यात नवल नाही. उलट ॲटनबरो पुरुषांपैकी दहातले जवळपास नऊ जण एकाच वंशगटाचे, म्हणजे बापाकडून एकाच दूरच्या पूर्वजापर्यंत पोचणाऱ्या गटाचे निघाले. हा गट ई१बी१बी या प्रकारातला आहे. तो भूमध्य समुद्राच्या परिसरात पुष्कळ आढळतो, ब्रिटनमध्ये मात्र थोडक्याच पुरुषांत. एवढे साम्य योगायोगाने आले असण्याची शक्यता म्हणूनच फार कमी आहे.

माझा खरा मुद्दा इथे आहे. या निष्कर्षावरून ‘हे आडनाव सुरुवातीला एकाच माणसाने लावले’ असे अनुमान लगेच काढले जाते, पण ते सिद्ध होत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात त्या गावातून बाहेर पडलेल्या तीन-चार कुटुंबांना हेच नाव मिळालेले असू शकते. त्यांतल्या कोणाला केवळ मुली झाल्या असतील, कोणाचे घर १३४८-४९ च्या प्लेगमध्ये संपले असेल, आणि एकाच शाखेला पिढ्यान्‌पिढ्या मुलगे होत राहिले असतील. मूठभर कुटुंबांच्या बाबतीत असे सहज घडते. हजारो घरांच्या आडनावात ते जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे आज दिसतो तो टिकून राहिलेला मूळपुरुष. तो एकटाच होता असे गुणसूत्र सांगत नाही, आणि हा फरक लोकप्रिय लेखनात हमखास गळून पडतो.

उरलेल्या दहातल्या एकाबद्दलही जपून बोलायला हवे. दत्तक मुलगा, आईचे आडनाव लावणारा, सावत्र वडिलांचे नाव घेतलेला, वेगळ्या मूळपुरुषाच्या शाखेतला अशी अनेक सरळ कारणे असतात; प्रत्येक ठिकाणी आईच्या चारित्र्यावर संशय घेणे अन्यायाचे आहे. शिवाय या पद्धतीत घरातल्या स्त्रियांचा वारसा मुळीच दिसत नाही. आडनावाचे म्हणून जे मानचिन्ह (ढालीवर काढलेले घराण्याचे चिन्ह) पैसे घेऊन विकले जाते, त्यालाही आधार नाही. इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नव्हे.

आपली ‘कर’ लागणारी आडनावेही गाव सोडल्यावरच मिळालेली असतात, पण एकाच गावातून निरनिराळ्या जातींची आणि कुळांची माणसे बाहेर पडली आणि एकच आडनाव लावू लागली. लग्न जमवताना आपले वडीलधारे आडनावावर न थांबता कूळ, देवक आणि गोत्र विचारतात ते यामुळेच. लेखमालेच्या पुढच्या भागात मराठी आडनावांचा विचार होणार असल्यास, निवडलेले आडनाव किती घरांत आणि कोणत्या तालुक्यांत आढळते हे आधी सांगावे, आणि मगच मूळपुरुषाबद्दल लिहावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा