काचेची पट्टी अजून शाबूत आहे, मामा

मिस्तरीमामा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घराच्या भिंतीचं काम संपलं त्या संध्याकाळी तुम्ही पैसे न मोजताच खिशात ठेवलेत आणि सायकलला थापी-ओळंब्याची पिशवी अडकवून निघालात. मला धड बोलताही आलं नाही, गळा दाटून आला होता. म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

आईची भीती तुम्हाला समजावून सांगावी लागली नाही. औसा तालुक्यातला माणूस ३० सप्टेंबर १९९३ विसरत नाही. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. आमचं घर तिथून लांब, ते उभं राहिलं. पण दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या छताची माती अंगावर येऊन झोपेतली माणसं कशी गाडली गेली, ते आईनं पाहिलंय. त्यामुळे यंदा ढाळजेच्या, म्हणजे दरवाजालगतच्या ओसरीच्या, कोपऱ्यात भिंतीला चीर दिसल्यावर तिनं खाट बाहेर काढली ती काढलीच. भर पावसाळ्यात ती अंगणातल्या पत्र्याखाली झोपायची. बहात्तर वर्षांची बाई. मी पुण्यात, रात्री पाऊस लागला की मला झोप यायची नाही.

तुमच्या आधी तिघं येऊन गेले. भिंतीच्या बुडाशी घुशींची बिळं होती, पहिल्यानं त्यांत औषध टाकलं. घुशी भिंतीच्या आतच मेल्या, आठवडाभर घरात श्वास घेववत नव्हता, आणि महिन्याभरात दुसऱ्या आल्या. दुसऱ्यानं उचल घेतली, बिळांच्या तोंडात सिमेंट कोंबलं, वरून गिलावा फिरवला. पंधरा दिवसांत हातभर अंतरावर उकरलेल्या मातीचा नवा ढीग! तिसरा तर गाडीवरून उतरलाही नाही. तिथूनच म्हणाला, पाडून टाका, स्लॅबचं बांधा. आणि आईच्या देखत मला म्हणाला, म्हातारीला पुण्याला घेऊन जा. ते ऐकून ती आत निघून गेली. तिचं तोंड मला आजही आठवतं. पैसे गेले त्याचा राग ओसरला, हा नाही ओसरला.

तुम्ही आलात तेव्हा पहिला दिवसभर थापीला हात लावला नाहीत. कोपऱ्याशी उकिडवे बसलात आणि बिळात लोखंडी सळई सारलीत. ती जातच राहिली, तुमच्या मुठीपर्यंत गेली. आजोबांच्या काळचं ज्वारीचं पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तिथं बुजवायचं राहून गेलेलं, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. घुशींना आयतं घर मिळालं होतं, वर मोरीचं पाणी आणि सोप्यातली ज्वारीची पोती. “घूस दगड खात नाही,” तुम्ही म्हणालात, “दगडाखालची माती उपसते. दगड जागेवरच हाय, त्याचं बूड गेलंय.” इतकं सरळ आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं काम मी काय सांगावं! टेकू देऊन एका वेळी हातभरच जागा उघडायची, ती पक्की झाल्याशिवाय शेजारच्या दगडाला हात लावायचा नाही, पेव मुरमानं थराथरानं ठोकून भरायचं, हे मी नुसतं बघत होतो. एक मात्र मनात राहिलं. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड तुम्ही शोधून शोधून आणलेत. ते नसले की भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू सुटी होते, फुगते आणि ढासळते. भूकंपानंतरच्या डागडुजीच्या कामांवर हे शिकलो, म्हणालात.

पण मामा, आभार मानायचे आहेत ते त्या काचेचे.

काम झाल्यावरही आई आत झोपायला तयार नव्हती. मी समजावून थकलो. तुम्ही तिला “काही होत नाही” असं एकदाही म्हणाला नाहीत. जुन्या फोटोच्या फ्रेमची काच मागून घेतलीत, तिची बोटभर रुंद पट्टी कापलीत आणि जुन्या चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंट लावलंत. मग मला बाजूला सारून आईला हाक मारलीत. “अक्का, भिंत केसभर जरी हालली तर ही काच तडकंल. नाही तडकली तर भिंत जागेवर. रोज सकाळी तुम्हीच बघायचं.” आणि तिच्या हातात पेन दिलंत, काचेवर तारीख घालायला.

चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईनं, जिभेचं टोक दातात धरून, ती तारीख घातली.

तिच्या घराबद्दल तिला विचारणारे, तिच्यावर काही सोपवणारे तुम्ही पहिले. पोटासाठी काम सगळेच करतात. समोरच्याचं मन राखून करणारी माणसं आमच्या भागात अजून आहेत, पारावर, शेतात, एसटीच्या फाट्यावर भेटतात. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

नऊ दिवस ती सकाळी उठून काच बघत होती. दहाव्या रात्री आपण होऊन खाट आत घेतली. मला फोनवर सांगितलंसुद्धा नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं.

हुरड्याला नक्की या, काकींना घेऊन. काच शाबूत आहे. तारीख पुसट झाली होती, आईनं परवा ती पुन्हा गिरवली.

तुमचा,
ढाळजेच्या घरचा मुलगा