वकीलताई, त्या कागदावर सही करू दिली नाहीत म्हणून

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्याकडून एक पैसाही घेतला नाहीत. निदान चार लोकांसमोर आभार मानावेत, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

काचबिंदूने माझी दृष्टी गेली, तेव्हा नोकरीला बावीस वर्षं झाली होती. साहेबांनी बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे सरकवला. “सगळं टाइप करून ठेवलंय, तुम्ही फक्त सही करा. तुमच्याच भल्याचं आहे.” ते वाईट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटू लागलं होतं. घरी विचारून सांगतो म्हणालो आणि कागद खिशात घालून आलो, एवढंच काय ते सुचलं.

मुलीने १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने माझं काम तुमच्याकडे सोपवलं. मी तर पगारदार माणूस, मला फुकट वकील कसा मिळेल, हाच संकोच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकिलासाठी दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, हे तुमच्याकडूनच कळलं.

तुमचा पहिला प्रश्न होता, “सही केली नाहीत ना?” दुसरा, “तुम्हाला नोकरी करायची आहे का?” हे तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी नाही, घरच्यांनीही नाही. हो म्हणताना मला रडू आलं. तुम्ही थांबलात.

मग अर्ज मोठ्याने वाचून दाखवलात. त्यात ‘स्वखुशीने’ असा शब्द होता, तो दोनदा वाचलात. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम २०(४) वाचलंत. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. इतकी वर्षं परिपत्रकं हाताळली, पण हे कलम माझ्यापर्यंत कधी आलं नव्हतं.

तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायला लावलीत. कलम २३ प्रमाणे तिची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते. टपालाच्या खिडकीशी माझ्यासोबत उभं राहून पोच घेतलीत. “तोंडी काही नको,” हे तुमचं पालुपद. साहेबांशी बोलताना मात्र एकदाही आवाज चढवला नाहीत, म्हणूनच आज त्यांच्या हाताखाली मला अवघडल्यासारखं होत नाही.

आता मी दूरध्वनी चौकशीचं काम बघतो. वेतनश्रेणी तीच आहे. संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर शिकायला चार महिने लागले.

एक गोष्ट तुम्ही विसरला असाल. वकीलपत्रावर सही करताना माझा हात ओळ सोडून गेला होता. पुढच्या भेटीत तुम्ही सहीपुरती खाच कापलेला पुठ्ठा घेऊन आलात. तो माझ्या शर्टाच्या खिशात असतो. हजेरीपटावर रोज सकाळी त्यातूनच सही करतो.

आपला कृतज्ञ,
एक लिपिक